भंगारातला प्रिंटर, घरचा बोर्ड आणि तानसाचं पाणी



राब भाजून झाले, पेरणीला अजून अवकाश आहे, आणि शेडमध्ये भाताच्या बियाण्याच्या गोणीशेजारी तीन मेलेले प्रिंटर पडलेत. घरातून रोज विचारणा होते, हे भंगार कशाला आणलं? त्याचं उत्तर आज इथं लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिला प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, एका पतसंस्थेनं पासबुकं छापून छापून टाकून दिलेला. दुसरा लेझर, झेरॉक्सच्या दुकानातला, अर्ध्या गावाचे सातबारे यानंच छापले असतील. तिसरा शाईचा, वर स्कॅनर असलेला. या तिसऱ्याला खरं तर काहीच झालं नव्हतं. या जातीच्या मशीनमध्ये जादा शाई शोषायला आत एक स्पंज असतो. तो किती भरला याचा हिशोब मशीन स्वतःच ठेवतं आणि ठरलेल्या आकड्याला पोचलं की छापायचं बंद करतं. स्पंज धुऊन आकडा मागे घेतला तर पुन्हा चालतं. पण दुकानात नेलं की उत्तर एकच, नवीन घ्या. भंगारवाल्यानं तिन्ही किलोवर दिले.

आता गेल्या वर्षीच्या एप्रिलची गोष्ट सांगतो, म्हणजे प्रिंटर का आणले ते कळेल.

विहिरीवर 5 एचपीची थ्री फेज सबमर्सिबल आहे. पाणी खाली गेलं की मोटर बंद करणारं लेव्हल कार्ड स्टार्टरच्या पेटीत बसवलेलं. भेंडी ऐन फुलावर आणि कार्ड मेलं. मोटर उचलेना. कंपनीच्या माणसाला फोन केला, तो नवव्या दिवशी आला. तोवर भेंडी काय वाट बघत बसणार? दुसऱ्या दिवशीच आपण सगळे करतो तेच केलं, वायरमनला बोलावून कार्ड बायपास केलं. आणि मग रात्रीची लाईट, विहिरीला पाणी कमी, माणूस झोपलेला. मोटर कोरडी चालली. बुश गेले, सील गेलं, वाइंडिंगही गेलं. भेंडीचे तोडे हुकले ते वेगळेच.

कंपनीचा माणूस आला तो म्हणाला, कार्ड रिपेअर होत नाही, पूर्ण बदलावं लागतं. जुनं कार्ड मी ठेवून घेतलं. वरून काळं, डांबरासारखं एपॉक्सी ओतलेलं. आयसीचा नंबर घासून टाकलेला. भाच्यानं दोन संध्याकाळी गरम करून करून ते एपॉक्सी खरवडलं. आत एक कपॅसिटर फुगलेला होता. किंमत दहा रुपयांच्या आत.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. ते कार्ड महाग होतं ही माझी तक्रार नाही. ते माझ्या विहिरीवर असूनही मला उघडता येत नव्हतं, ही आहे. नांगराचा फाळ झिजला तर लोहाराकडे नेतो, फवारणी पंपाचा वायसर गेला तर घरी बदलतो. पण गेल्या काही वर्षांत शेतात जी जी हिरवी पट्टी शिरली, मोटरच्या पेटीत, झटका मशीनमध्ये, ठिबकच्या टायमरमध्ये, तिच्यापुढे आपण हात जोडून उभे. ही पट्टी घरी बनवता येते. एकदा स्वतःच्या हातानं बनवली की दुसऱ्याची उघडायची भीती जाते. पैसे वाचतात म्हणून घरी बोर्ड बनवा असं मी सांगणार नाही, कारण पहिल्या वर्षी वाचत नाहीत.

लगेच कोणी म्हणेल, आता फाईल पाठवली की कारखान्यातून पाच बोर्ड सुबक छापून घरी येतात, मग ही उठाठेव कशाला? बरोबर आहे. एकदा डिझाईन पक्कं झालं आणि गावात दहा जणांना तेच कार्ड हवं असलं, तर कारखान्यातूनच मागवा. दुसरा म्हणेल, भोकं पाडलेला तयार झिरो बोर्ड मिळतो, त्यावर वायरी जोडल्या की झालं. तेही खरं, माझं पहिलं कार्ड तसंच होतं. पण त्यातल्या वायरींचं जंजाळ पावसाळ्यात एकदा बिघडलं की कुठली वायर कुठं ते बनवणाऱ्यालाही आठवत नाही. घरी कोरलेल्या बोर्डवर रस्ते डोळ्यांना दिसतात. आणि चूक झाली तर दुसरा बोर्ड त्याच संध्याकाळी तयार होतो. पिकाला पाणी हवंय तेव्हा कुरियरची वाट बघणं परवडत नाही, ते एप्रिलात शिकून झालं.

आता प्रिंटरकडे येतो. त्याचा उपयोग दोन तऱ्हेनं होतो आणि लोक दोन्हीची गल्लत करतात.

एक तऱ्हा म्हणजे चालू लेझर प्रिंटरनं सर्किटचं चित्र छापणं. लेझरची काळी पूड, म्हणजे टोनर, हे मुळात प्लास्टिक. गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापायचं, तांब्याच्या पट्टीवर पालथं ठेवायचं आणि कडक इस्त्री फिरवायची. टोनर वितळून तांब्याला चिकटतो. पाण्यात भिजवून कागद अंगठ्यानं चोळून काढला की चित्र तांब्यावर राहतं. मग फेरिक क्लोराईडच्या पाण्यात ठेवलं की उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं राहतं. शाईच्या प्रिंटरच्या छपाईनं हे होत नाही, ती शाई वितळून चिकटत नाही. अजून एक, आमचा पहिला बोर्ड उलटा झाला होता. कागदावर अक्षरं उलटी दिसली पाहिजेत, तर तांब्यावर सुलटी येतात. एवढं लक्षात ठेवलं तर एक पट्टी वाचेल. पीसीबीमधला पहिला 'पी' प्रिंटेडचाच आहे, आणि पूर्वी छापखान्यात चित्रांचे तांब्याचे ब्लॉकसुद्धा फेरिक क्लोराईडनंच कोरत. म्हणजे प्रिंटर आणि बोर्ड यांचं नातं जुनंच आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे मेलेल्या प्रिंटरचे अवयव काढून स्वतःचं यंत्र जोडणं, जे संगणकाच्या हुकुमावर तांब्यावर पेन फिरवेल किंवा बारीक पात्यानं तांबं खरवडेल. माझे तीन प्रिंटर यासाठी आहेत.

भंगारात बघताना डॉट मॅट्रिक्स दिसला तर सोडू नका. जुना असला तरी त्याचा पॉलिश केलेला रॉड सरळ आणि जाड असतो, मोटरी दमदार असतात. शाईच्या प्रिंटरमध्ये हेड फिरवणारी मोटर बहुधा साधी डीसी असते. ती दोन वायरींवरून ओळखायची. तिच्या जोडीला बारीक रेघांची पारदर्शक पट्टी असते, तिच्यावरून मशीनला जागा कळते. नवशिक्यानं त्या भानगडीत पडू नये. आपल्याला हवी स्टेपर मोटर, चार, पाच किंवा सहा वायरींची, जी हुकुमागणिक ठरावीक अंशच फिरते. स्कॅनरच्या भागात ती हमखास सापडते. चार वायरींतल्या जोड्या ओळखायला मीटरही लागत नाही. दोन वायरी एकमेकींना जोडा आणि दांडा बोटानं फिरवा. जड लागला तर ती एक जोडी. याशिवाय दातेरी पट्टे, छोटे गिअर, कागद आला की नाही हे बघणारे खाचेचे सेन्सर आणि चांगली पॉवर सप्लाय मिळते. त्या सप्लायवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचल्याशिवाय काही जोडू नका. पिन काढल्यावरही तिच्यातला मोठा कपॅसिटर काही काळ भरलेला राहतो. मी तिला रात्रभर तशीच ठेवतो.

दोन वस्तूंना हात लावू नका. जुन्या स्कॅनरमधली पांढरी बारीक नळी फोडायची नाही, तिच्यात पारा असतो. आणि लेझर प्रिंटरचा तापणारा रोलर. व्हिडिओत लोक तो काढून थेट 230 व्होल्टला जोडतात आणि इस्त्रीच्या जागी वापरतात. आम्ही उघडून बघितला, 1.6 मिलिमीटरची पट्टी त्यात धड जातच नाही. गेली असती तरी मी केलं नसतं. घरात इस्त्री आहे.

यंत्र जोडताना भाच्याची आणि माझी गाडी अडली ती पट्ट्यावर. प्रिंटरचा पट्टा कागदावर हलकं हेड फिरवण्यासाठी असतो, पेन धरायला ठीक. पण पात्यानं तांबं खरवडायचं तर तो ताणतो आणि रेघ थरथरते. शेवटी दोन्ही दिशांना हार्डवेअरच्या दुकानातला 8 मिलिमीटरचा आट्यांचा रॉड घातला. एका फेऱ्यात सव्वा मिलिमीटर सरकतो. 200 पायऱ्यांची स्टेपर असली तर एका पायरीला मिलिमीटरचा शंभरावा भागही होत नाही. आपल्याला एवढ्या बारकाईची गरज नाही. शेतातल्या कार्डावर मी एक मिलिमीटरपेक्षा बारीक रस्ता ठेवतच नाही, नंतर सोल्डर करणारे हात कोयता धरणारे असतात. मेंदू म्हणून आर्डुइनो आणि दोन-तीन छोटे मोटर ड्रायव्हर. ते मात्र आसनगावहून लोकल पकडून, दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणले.

या बाबतीत आपण काही जगावेगळं करत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या पोरांनी हातानं काम करत शिकावं, हा त्यांचा विचार. 2002 साली तिथं अमेरिकेच्या एमआयटीतल्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सोबतीनं फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी. दुधाची तपासणी, डिझेल इंजिन नीट चालतंय का हे मोजणं, असे प्रश्न तिथं हाताळले गेले. शहरातल्या कॉलेजात नाही, शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात. आणि फॅब लॅबची पद्धत अशी की बोर्ड रसायनात घालत नाहीत, टेबलावर मावणारं मिलिंग मशीन पात्यानं तांबं खरवडतं. आमचं प्रिंटरचं यंत्र त्याचंच गरीब भावंड.

मी खरवडण्याच्या मागे का लागलो? कारण फेरिक क्लोराईड वापरून झाल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न. आणि हा प्रश्न आपल्या भागात जरा जास्तच टोचायला हवा.

हिशोब करून बघा. साध्या पट्टीवर तांब्याचा थर 35 मायक्रॉनचा असतो. 10 बाय 10 सेंटिमीटरच्या पट्टीवर साधारण 3 ग्रॅम तांबं बसतं. त्यातलं दोन ग्रॅम तरी विरघळून पाण्यात जातं. दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? तेच दोन ग्रॅम हजार लिटरच्या टाकीत गेले तर लिटरला 2 मिलिग्रॅम झालं. पिण्याच्या पाण्यात तांब्याची भारतीय मानकातली मर्यादा 0.05, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. म्हणजे एका तळहाताएवढ्या बोर्डनं हजार लिटर पाणी मर्यादेबाहेर. माशांना तर याहून कितीतरी कमी तांबं बाधतं.

एक मित्र म्हणाला, मोरचूद फवारतोस तेव्हा काही वाटत नाही, आणि दोन ग्रॅमला घाबरतोस? प्रश्न चांगला आहे. एक टक्का बोर्डोच्या 100 लिटरमध्ये 1 किलो मोरचूद असतं, म्हणजे पाव किलो तांबं. पण तिथं चुना बरोबरीनं असतो, तो तांब्याला धरून ठेवतो, आणि ते पानांवर, पसरून, मोजून जातं. तरीही वर्षानुवर्षे बोर्डो मारलेल्या द्राक्षबागांच्या मातीत तांबं साठतं हे कृषीवाल्यांना माहीत आहे, कारण ते कुजत नाही आणि उडूनही जात नाही. बोर्डच्या पाण्यात चुना नसतो. ते आंबट असतं, त्यातलं तांबं मोकळं असतं, आणि माणूस ते ओततो कुठं? मोरीत, नाहीतर विहिरीच्या कडेला. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

आणि आपण राहतो तानसाच्या पाणलोटात. 1892 सालचं हे धरण मुंबईला पाणी देण्यासाठी बांधलं. आजही पाणी तिकडेच जातं, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. या गोष्टीचा राग मलाही आहे, पुष्कळ आहे. पण ओहोळात टाकलेलं तांबं मुंबईच्या आधी आपल्याच गुरांना, खेकड्यांना आणि वाडीच्या विहिरीला भेटतं.

म्हणून आमच्या शेडचा नियम असा. फेरिक क्लोराईडचं पाणी एकदा वापरून फेकत नाही, बोर्ड कोरायला फार वेळ घेऊ लागेपर्यंत तेच वापरतो. प्लास्टिकचा ट्रे, रबरी हातमोजे, चष्मा, पोरं लांब. अॅल्युमिनियमचं भांडं चुकूनही नाही, ते उकळ्या फुटून तापतं आणि भोकं पडतात. पाणी मेलं की मोठ्या बादलीत, उघड्यावर, धुण्याचा सोडा चिमूट चिमूट घालायचा. फसफसतं, घाई केली तर उतू जातं. फसफस थांबेपर्यंत घातला की लोखंड आणि तांबं गाळ होऊन खाली बसतं. तो गाळ कपड्यानं गाळून, वाळवून बरणीत. शेतात नाही, उकिरड्यावर नाही, कंपोस्टमध्ये तर मुळीच नाही.

खरवडण्यातही सुख नाही, हे सांगायला हवं. हिरवट फायबरची पट्टी खरवडली की काचेची बारीक धूळ उडते, ती छातीत जाऊ नये. आम्ही मास्क लावतो आणि ओल्या फडक्यानं टिपतो. तपकिरी, कागदाची पट्टी सोपी कापली जाते, पण ती आपल्या पावसाळ्यात ओल धरते. आषाढात शेडमधला मिठाचा डबा जसा सुटतो तशी ती सुटते. म्हणून विहिरीवर फायबर, शाळेतल्या पोरांना शिकवायला कागदी.

विहिरीवरचं माझं कार्ड वर्षभर चालतंय. दोन-तीन ट्रान्झिस्टर, एक छोटा रिले, 12 व्होल्टची बॅटरी. त्यातून जे शिकलो ते थोडक्यात. घरच्या बोर्डवर कारखान्याचा हिरवा लेप नसतो, त्यामुळे उघडं तांबं पहिल्याच पावसात हिरवं पडतं. सगळ्या रस्त्यांवर सोल्डर फिरवा, मग वॉर्निशचे दोन हात, कडेलाही. पाण्यातल्या सळया तांब्याच्या किंवा लोखंडी नकोत. सतत डीसी करंट असला की एक सळई विरघळत जाते. स्टेनलेस घ्या आणि कार्ड दर मिनिटाला क्षणभरच तपासेल असं करा. आणि वायर शिरते ते भोक बुजवा. विजेपेक्षा जास्त स्टार्टर आमच्याकडे पालीनं आणि मुंग्यांनी घालवलेत.

एक हद्द मी पाळतो. घरचा बोर्ड 12 व्होल्टपर्यंतच. थ्री फेजच्या बाजूला घरी कोरलेला रस्ता नेत नाही, कितीही मोह झाला तरी. माझ्या रिलेचे फक्त दोन टोकं बाहेर येतात. ती स्टार्टरच्या कॉईलला मध्यस्थ रिलेमार्फत कशी जोडायची हे वायरमन बघतो, मेन स्विच खाली पाडून. ओल्या पायांनी विहिरीवर उभं राहणारा माणूस आपल्याच घरातला असतो.

या पानावर कृषी सहाय्यक, कॉलेजातले सर, उपकरणं बनवणारे असे बरेच जण आहेत. त्यांना एक सांगणं आहे. ओलावा मापक, ठिबकचा टायमर, हवामानाचं यंत्र, जे काही शेतकऱ्याच्या गळ्यात घालाल, त्यासोबत सर्किटचं चित्र द्या. जुन्या रेडिओच्या पाठीवर आतून चिकटवलेलं असायचं तसं. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मोबाईल, घरगुती उपकरणं आणि गाड्यांबरोबर शेतीची उपकरणंही त्यात घेतली. कागदावर ते आहे. शेतात मात्र अजून एपॉक्सी आणि घासलेला नंबर. अनुदानाच्या यादीत एखादं यंत्र घालताना ते उघडता येतं का, एवढी एक अट घातली तरी माझ्यासारख्याची एक मोटर वाचेल.

कार्डाचं चित्र मी हातानं काढून स्टार्टरच्या झाकणाच्या आतून चिकटवलंय, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. ज्याला हवं त्यानं येऊन फोटो काढावा. गाळाची बरणीही बघून जा. आतापर्यंतचे सगळे बोर्ड तिच्यात आहेत आणि ती अजून अर्धीच भरलीय. ई-कचऱ्यासोबत हा गाळ रीतसर घेणारं कोणी आपल्या तालुक्यात माहीत असेल तर कळवा, पेरणीच्या आधी नेऊन देईन.